बेथलेहेमचा दर्या

बस्त्याव, तू गेलास त्याला पाच आठवडे झाले, आणि माझा तुझ्यावरचा राग अजून उतरलेला नाही. नाताळ तोंडावर आलेला असताना असं कोणी उठून जातं? तुझ्या लेकीनं, एलिझानं, पेपरात बातमी दिली. तुझं वय, होड्यांच्या सुतारकामात गेलेली तुझी वर्षं, मागे राहिलेल्यांची नावं आणि शेवटी ‘प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाचे होते’. भर दुःखात मला हसू आलं. तुझ्या आणि माझ्या घराच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. त्या गडग्यावरून आपण चाळीस वर्षं जेवढं भांडलो, तेवढं आख्ख्या मालवणात दोन शेजारी भांडले नसतील. मनमिळाऊ तू कधीच नव्हतास. एक नंबरचा हट्टी होतास. त्या हट्टाचा मला अभिमान होता, आणि ही गोष्ट मी तुला सोडून बाकी सगळ्यांना सांगत आले.

आता तुला सांगायला बसले आहे. उशीर झालाय, माहीत आहे. मध्ये बोलू नकोस.

चौथीत आपण एका वर्गात होतो. गुरुजींनी महाराष्ट्राचा नकाशा काढायला सांगितला, तेव्हा तू आपल्याकडचा किनारा एवढा लांबलचक काढलास की मुंबईला कागदावर जागाच उरली नाही. गुरुजींनी पट्टी मारली. हात चोळत तू म्हणालास, “थंय कोण रवता? आमी हंय रवतो.” माझा नकाशा अचूक होता, मला दहापैकी दहा मिळाले होते, आणि तरी सगळा वर्ग तुझाच कागद बघायला वाकला होता. तेव्हापासून तू माझ्या डोक्यात गेलास. पुढे मी भूगोलाची बाई झाले, तू बापाच्या हाताखाली होड्या दुरुस्त करायला लागलास, आणि माझं लग्न नेमकं तुझ्या शेजारच्या घरात झालं. आमच्या घरी गणपती, तुमच्या घरी नाताळ. चारचौघांत तू मला ‘बाई’ म्हणायचास. भांडण जुंपलं की ‘गो शाले’. माझं नाव शालन आहे हे बहुतेक तू विसरून गेला होतास.

आपलं सगळ्यात मोठं भांडण गोठ्यावरून. नाताळात ख्रिस्ती घरांत येशूच्या जन्माचा देखावा मांडतात, त्याला आपल्याकडे सरळ गोठाच म्हणतात. बाकीच्यांचे गोठे बाजारातून आणलेल्या चिनीमातीच्या पुतळ्यांचे, टेबलावर मावतील एवढे. तुझा अंगणात, आंब्याखाली, चांगला दहा फूट लांब. तुळशीचं लग्न उरकलं की होड्यांच्या कामातून उरलेले फणसाच्या लाकडाचे तुकडे घेऊन तू पडवीत बसायचास. त्यातून एकेक माणूस निघायचा. पण मेंढपाळ नाहीत. दर्यात टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही बाजूंनी दोरीनं किनाऱ्यावर ओढणारे रापणकार, तेही आपल्या वाडीतलेच, ओळखू येतील असे. एकाची पाठ वाकलेली, एकाच्या कानावर विडी. डोक्यावर पाटी घेतलेली जानकी, जी आपल्याला मासे विकते. बाळ येशूला बघायला येणारे तिन्ही राजे उंटांऐवजी होडीतून यायचे. त्यातला सुकाणू धरलेला राजा हुबेहूब आमच्या हेडमास्तरांसारखा होता. मी हटकलं तेव्हा साळसूदपणे म्हणालास, “राजाक तोंड कोणाचा तरी होयाच मां?”

आणि या सगळ्यांच्या पुढे दर्या. पत्र्याचा मोठा निळा रंगवलेला ट्रे, त्यात पाणी.

“बेथलेहेमला समुद्र नाही,” मी पहिल्याच वर्षी सांगितलं. “तिथून तो चांगला लांब आहे. मी शिकवते मुलांना.”

“मगे तू शिकव,” तू म्हणालास. “मी मांडतंय.”

एका वर्षी तर हद्द झाली. विहिरीचं पाणी चालत नाही असं तुझ्या मनानं घेतलं. “पाणी खारा नसला तर तो दर्या कसलो?” म्हणून कळश्याच्या कळश्या भरून खरं समुद्राचं पाणी आणून ओतलंस. गोठ्याभोवती हिरवं शेत दिसावं म्हणून तुझ्या बायकोनं, रोझीनं, बारा दिवस आधी मातीत नाचणी पेरली होती. कोंब बोटभर वर आले होते, काय सुंदर दिसत होतं ते. आणि पत्र्याला एक बारीक भोक होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांची भोकं बुजवणाऱ्या माणसाला स्वतःच्या दर्याचं भोक दिसलं नाही. नाताळच्या सकाळी सगळी नाचणी पिवळी पडून आडवी झाली होती, आणि तुझा बाळ येशू ऐन दुष्काळात जन्मल्यासारखा दिसत होता. रोझी तीन दिवस तुझ्याशी बोलली नाही. मी गडग्याला टेकून पोट धरून हसले. तू मात्र चेहरा जराही न बदलता म्हणालास, “भरती इली. शेतात पाणी घुसला.” आता रोझीही नाही आणि तूही नाहीस. ती नाचणी आठवली की अजून हसू येतं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागतात.

सुट्टी लागायच्या आधी मी दरवर्षी शाळेतली मुलं रांगेनं तुझ्या अंगणात आणायची. मुलांना गोठा दाखवायचा हा एक हेतू, आणि तुझ्याच अंगणात उभं राहून तुला खोटं पाडायचं हा दुसरा. “मुलांनो, देखावा छान आहे, पण लक्षात ठेवा, बेथलेहेम हे समुद्रकाठचं गाव नाही.” मागून तुझा आवाज यायचा, “बायचा आयकू नकात रे. बाय थंय गेली नाय कधी.” मुलं खूश. परीक्षेत एकदा एका वर्गातल्या निम्म्या मुलांनी बेथलेहेमचा मुख्य व्यवसाय मासेमारी लिहिला. मी पेपर घेऊन तुझ्याकडे भांडायला आले तर तू म्हणालास, “गुण दी तेंका.”

मग चर्चमधल्या तरुण पोरांनी गोठ्यांची स्पर्धा सुरू केली. परीक्षक कोणाचा पक्ष घेणारा नको, म्हणून मला बोलावलं. पक्ष मी कोणाचा घेतला नाही हे खरं. तुझा तर नाहीच नाही. गुणांच्या कागदावर चार रकाने होते: मांडणी, कल्पकता, सजावट आणि वास्तवता. पहिल्या तिन्हींत तुझ्या जवळपास कोणी येत नव्हतं. वास्तवतेत मी तुला पंचवीसपैकी सात दिले. तीन वर्षं लागोपाठ सात. तीन वर्षं तू दुसरा आलास.

तिसऱ्या वर्षी तू गडग्यापाशी आलास. तुझा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला तो दिवस नीट आठवतो.

“गो शाले, गोठो मी कोणासाठी मांडतंय? बेथलेहेमच्या लोकांसाठी? येशू जन्माक इलो तो निरोप पयलो मेंढपाळांका गावलो. कित्याक? ते रातचे मेंढरां राखीत कामार होते म्हणान. आमच्या हंय मेंढरां खंय आसत? हंय कामार कोण आसता ता तुका ठावक आसा. तेंका गोठ्यात जागा नको?”

“जागा दे ना,” मी म्हटलं. “पण नकाशा बदलून नाही.”

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते दोनदा ऐकवलं.

चौथ्या वर्षी तू दर्या काढून टाकलास. दुकानातून आणलेले उंट, कापसाची मेंढरं, वाळू, खजुराची झाडं. रापणकार नाहीत, होडी नाही, जानकी नाही. सगळं पुस्तकात असतं तसं. मी वास्तवतेत पैकीच्या पैकी गुण दिले आणि तुझा पहिला नंबर आला. चर्चच्या आवारात तुझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, तू कप घेतलास आणि खाली बघत जागेवर जाऊन बसलास. मला वाटलं, जिंकले मी.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे गोठे बघायला निघायची रीत आहे. टेम्पो ठरवायचा, मागे सतरंजी घालायची, डब्यांत नेवऱ्या नि दोदोल असलं गोडधोड भरायचं आणि गावोगाव हिंडायचं. त्यात कोण ख्रिस्ती, कोण हिंदू हे कोणी बघत नाही. टेम्पोत जागा आहे का एवढंच बघतात. त्या वर्षीही लोक आले. आधी आपल्याच वाडीतले रापणकार आले. हात मागे बांधून उभे राहिले, “बरो आसा” म्हणाले आणि दोन मिनिटांत निघाले. एरवी हीच माणसं तासभर तिथे उकिडवी बसायची. गोठ्यात स्वतःला शोधायची, माझी पाठ एवढी वाकडी नाही म्हणून तुझ्याशी हुज्जत घालायची. मग जानकी आली. रिकामी पाटी काखेत धरून तिनं चारी बाजूंनी गोठा बघितला.

“बस्त्याव, मी खंय रे?”

तू वाकून वाळू सारखी करायला लागलास. मी गडग्याच्या अलीकडे उभी होते. तू माझ्याकडे बघशील असं मला वाटलं, पण तू बघितलंही नाहीस. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

संध्याकाळी तो कप तू माझ्या पायरीवर आणून ठेवलास. “ह्यो तुझो,” एवढंच म्हणालास, आणि शिमग्यापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. कप मी माळ्यावर टाकला. शोकेसमध्ये ठेवायची हिंमत झाली नाही, परत द्यायचीही झाली नाही.

पुढच्या वर्षी दर्या परत आला, आधीपेक्षा हातभर मोठा. स्पर्धेत नाव मात्र तू पुन्हा कधी दिलं नाहीस. त्यानंतर सात वर्षं मी परीक्षक होते, सात वर्षं पहिला नंबर कोणाकोणाला दिला, आज त्यातलं एक नाव आठवत नाही. आणि टेम्पो सगळे तुझ्याच दारात थांबायचे. दोडामार्गहून लोक यायचे, जिथून गोवा हाकेच्या अंतरावर, तिथले भलेमोठे दिव्यांचे गोठे सोडून इकडे यायचे. विजयदुर्गचा एक म्हातारा तांडेल आला होता, आठवतो? जन्म दर्यावर गेलेला माणूस. तो बराच वेळ निरखून म्हणाला, “डाव्या बाजूची दोरी ढिली आसा. अशानं मासो सुटतलो.” तू तिथल्या तिथे गुडघ्यावर बसून दोरी ताणलीस. म्हातारा समाधानानं गेला. त्या वेळी तुझा चेहरा कप घेताना नव्हता एवढा फुलला होता.

बस्त्याव, मी त्या दिवशी गडग्याअलीकडे मान ताठ करून उभी होते, जशी काय ती दोरी मीच वळली होती. बदली होऊन आलेल्या प्रत्येक शिक्षिकेला मी सांगायची, नाताळात आमच्याकडे या, आमच्या शेजाऱ्याचा गोठा बघा, असा गोठा उभ्या कोकणात नाही. आमच्या शेजाऱ्याचा. कुडाळच्या बसस्टँडवर अनोळखी बायकांना सांगितलंय मी. माझे यजमान म्हणायचे, “अगो, त्याला सांग की एकदा.” त्याला कशाला सांगायचं? तो आधीच एवढा शेफारलेला. असं मी म्हणायची. खरं कारण तुला माहीत आहे. गोठा चांगला आहे म्हटलं, की चूक माझी झाली हेही म्हणावं लागलं असतं. ते जिभेच्या टोकावर यायचं आणि तिथून परत जायचं.

यंदा तुळशीचं लग्न झाल्यावर मी ठरवून तुझ्या पडवीत आले होते. तुझं कोरीवकाम सुरू झालेलं होतं, पण हात पहिल्यासारखा चालत नव्हता. दर दोन मिनिटांनी थांबून तू दम खात होतास. मी करंज्यांचा डबा ठेवला. तू म्हणालास, करंजी काय नि नेवरी काय, एकच. तुम्ही आमची चोरली. त्यावर आपण पंधरा मिनिटं भांडलो. मग मी डब्याचं झाकण उघडत-लावत बसले. तू पटाशी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे बघितलंस.

“काय ता सांग.”

सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, “तुमच्या मागच्या दारचा नळ गळतोय. रात्रंदिवस ऐकू येतो मला.”

“बरा,” तू म्हणालास. “बघतंय.”

नळ तू दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केलास. नवव्या दिवशी तू गेलास. आता तिकडे काही वाजत नाही, आणि मला त्या शांततेचा इतका संताप येतो की विचारू नकोस.

दुःखाच्या वर्षी घरात नाताळ करत नाहीत, हे तुला मी काय सांगायचं. एलिझानं दारात चांदणी लावली नाही, गोठा मांडला नाही, गोडधोड केलं नाही. तुझे रापणकार पेटीत कापडात गुंडाळलेले आहेत. अशा घरी शेजाऱ्यांनी पदार्थ द्यायचे असतात. आमच्याकडेही कोणी गेलं त्या वर्षी दिवाळीचा फराळ शेजारचेच आणतात. म्हणून मी नेवऱ्या केल्या. अर्ध्या तेलात फुटल्या. उरलेल्या घेऊन मी नाताळच्या सकाळी गेले. एलिझानं एक खाल्ली, बरी झाली म्हणाली, खोटं बोलली. नंतर ताटली पुसत माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “काकी, फुडच्या वर्सा गोठो मी मांडतलंय. दर्या ठेवू काय नको? पप्पा म्हणायचे, माझ्यामागे शालनकाकीक विचार.”

बघ. मेल्यावरसुद्धा तू मला सोडलं नाहीस. मरताना हा निर्णय माझ्यावर टाकून गेलास, माझ्यावर, जिनं तुला तीन वर्षं सात गुण दिले. पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. ती माझी विद्यार्थिनी, माझा शब्द तिला प्रमाण. मी नको म्हटलं असतं तर तुझे सगळे रापणकार पेटीतच राहिले असते. आणि ठेव म्हणायला माझी जीभ रेटेना, कारण ते तुला सांगायचं राहून गेलं आणि तिला आधी कसं सांगू? “बघू,” म्हटलं, आणि घरी आले. दिवसभर मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना कसालचा टेम्पो आला. त्यांना तू गेल्याचं कळलेलं नव्हतं. पंधरा-वीस जण उतरले, बायका पदर सारखे करत अंगणात आल्या आणि थबकल्या. झाडलेलं रिकामं अंगण, आंबा, बस. एलिझा दारात आली. तिनं नुसती मान हलवली. एक जण हळूच म्हणाला, “यंदा नाय वाटता. चला.” आणि लोक टेम्पोकडे वळले.

बस्त्याव, माझे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे. मी गडगा ओलांडून आले.

“थांबा,” मी म्हटलं. वर्गात म्हणायची तसंच. सगळे थांबले.

मी सांगितलं की हा गोठा मांडणारा माणूस गेला, म्हणून यंदा गोठा नाही. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर तो काय मांडायचा ते ऐकून जा. मग मी आंब्याखाली उभी राहिले आणि बोटानं दाखवत गेले. इथे माडाच्या झापांचं छप्पर, त्याखाली बाळ आणि त्याची आई. इथे हिरवी नाचणी. इथून तिथवर रापणकार, दोन रांगांत, दोरी अशी ताणलेली, ढिली नाही. इथे पाटी घेतलेली जानकी. होडी त्या बाजूनं येते, तिच्यात तीन राजे. लोक माझ्या बोटामागून मान वळवत होते. कोणी हसलं नाही. एलिझा उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. मला रडू येत होतं, पण आवाज मी पडू दिला नाही, कारण मी तुझ्याबद्दल बोलत होते आणि ते रडत बोलण्यासारखं नव्हतं.

“आणि हा सगळा पुढचा भाग,” मी म्हटलं, “दर्या.”

टेम्पोवाल्याच्या शेजारी उभा असलेला एक गृहस्थ होता, बायकोबरोबर आलेला, वाचणारा असावा. त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, “पण बाई, बेथलेहेमाक दर्या आसा?”

चौतीस वर्षं भूगोल शिकवला मी. एलिझानं दाराची चौकट धरली होती.

“आसा,” मी म्हटलं. “तुम्ही उभे आहात तिथूनच सुरू होतो.”

त्याच्या बायकोनं खाली बघितलं, साडी घोट्यापासून जराशी वर धरली आणि ती दोन पावलं मागे सरली.